कळलं नाही असा चेहरा

डी.फार्म.ची दोन वर्षं पार पडली की मुलाला ५०० तास मेडिकलात किंवा दवाखान्याच्या औषध विभागात उभं राहावं लागतं. हे तास तीन महिन्यांपेक्षा कमी काळात उरकायचे नाहीत, आणि त्यातले निदान २५० तास प्रत्यक्ष चिठ्ठीवरची औषधं देण्यात गेले पाहिजेत, असा नियम आहे. उरलेल्या तासांत नेमकं काय होतं हे नियमात वाचायला मिळत नाही. ते मी सांगू शकतो, कारण या मुलांना शिकवणं आणि ती प्रशिक्षणाला गेली की अधूनमधून दुकानात डोकावून येणं हा माझ्या नोकरीचा भाग आहे. त्या तासांत खोकी फोडली जातात, काउंटरची काच पुसली जाते, संपलेला माल शॉर्ट-बुकात लिहिला जातो, चहा सांगितला जातो आणि गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघितलं जातं. या शेवटच्या कामाला फॉर्मात रकाना नाही.

आमची बरीच मुलं मिरजेला जातात. वानलेस नावाच्या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ साली तिथे रुग्णालय काढलं आणि तेव्हापासून त्या गावाला आजारी माणसांची सवय झाली आहे. अथणी, जमखंडी, विजापूरकडून माणसं येतात; हातातल्या पिशवीत जुने एक्स-रे, खिशात मोजून आणलेले पैसे आणि तोंडात कानडी. दवाखान्यांच्या गल्लीत पावलापावलावर मेडिकल. तासगावाकडचा पोरगा पहिल्याच आठवड्यात ‘ऊट आद मेले’ म्हणायला शिकतो, म्हणजे जेवण झाल्यावर. दोन वर्षं इंग्रजीतून फार्माकॉलॉजी घोकली आणि शेवटी अडीच कानडी शब्दांवर निभावलं, याची त्याला गंमत वाटते. पुढे त्याला ‘ऊट माडिद्रा?’, म्हणजे जेवलात का, हेही आपणहून विचारावंसं वाटलं की मी त्याची काळजी करायचं सोडून देतो.

वर्गात आम्हीही हे सगळं शिकवतो, असा आमचा समज आहे. अभ्यासक्रमात रुग्णाचं समुपदेशन आहे आणि त्याची प्रात्यक्षिकं असतात. एकाने फार्मासिस्ट व्हायचं, एकाने पेशंट. पेशंट व्हायला शेवटच्या बाकावरचा कुणीतरी उठतो आणि वर्षभरात कधी केलं नसेल एवढं सहकार्य करतो. फार्मासिस्ट पाठ केलेलं म्हणतो, ‘नमस्कार, मी आपला फार्मासिस्ट. आपल्याकडे पाच मिनिटं वेळ आहे का?’ पेशंट म्हणतो, ‘हो, अवश्य.’ मग औषधाचं नाव, कशासाठी, किती, केव्हा, काय टाळायचं, गोळी चुकली तर काय करायचं, आणि सरतेशेवटी ‘आपल्याला काही शंका?’ पेशंटला शंका नसते, कारण त्याच्या कागदावर ती लिहिलेली नसते. दोघांना दहापैकी आठ.

मग हाच फार्मासिस्ट मिरजेला काउंटरवर उभा राहतो आणि समोरचा माणूस म्हणतो, ‘ती पांढरी द्या. मागल्या वेळची.’

‘काका, आपल्याकडे पाच मिनिटं…’

‘गाडी लागलीया.’

२०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीत समुपदेशन आहे, रुग्णाची गोपनीयताही आहे. औषधांच्या नियमांत किरकोळ दुकानाला किमान जागा सांगितली आहे, १० चौरस मीटर. हे दोन्ही नियम करणारी माणसं एकमेकांना कधी भेटली नसावीत. त्या दहा चौरस मीटरांतला बराचसा भाग रॅक, फ्रिज आणि देवाच्या फोटोने अडवलेला. काउंटरच्या अलीकडे फार्मासिस्ट, पलीकडे पाच गिऱ्हाइकं, आणि पाचांतली तीन एकाच गावची. त्या तिघांतला एकजण चिठ्ठीत काय आहे हे वाचता येत नसूनही मान वाकडी करून वाचत असतो.

अशा काउंटरवर समोरच्याच्या मनातलं ओळखून वागण्याला शास्त्रात भावनिक बुद्धिमत्ता म्हणतात. पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली तिच्यावर लेख लिहिला, १९९५ साली डॅनियल गोलमन यांचं पुस्तक आलं, आणि मग ती कंपन्यांत, शाळांत आणि आमच्या स्टाफरूममध्येही शिरली. ती मोजायच्या पट्ट्याही निघाल्या. १९९८ साली निघालेली ३३ विधानांची एक पट्टी संशोधकांत पुष्कळ चालते. प्रत्येक विधान आपल्याला कितपत लागू पडतं ते एक ते पाच आकड्यांत आपणच सांगायचं. म्हणजे कमीत कमी ३३, जास्तीत जास्त १६५. फार्मसीच्या विद्यार्थ्यांकडूनही असल्या प्रश्नावल्या भरून घेतात. आमच्या वर्गात एकाने कागद हातात पडताच विचारलं, ‘सर, किती आले तर बरं?’ मला त्याचं मनापासून कौतुक वाटलं. ज्याला समोरच्याच्या मनातलं ओळखता येतं, त्याला प्रश्नावली काढणाऱ्याच्या मनातलंही ओळखता येणारच. तेव्हा भरपूर गुण पडले तर मुलगा एक तर खरोखर समजूतदार आहे किंवा नुसताच हुशार आहे, एवढा बोध त्या आकड्यातून होतो.

समुपदेशनाच्या धड्यांबद्दल माझी कुरकुर वेगळी आहे. ते धडे दाखवायला शिकवतात. दुसऱ्याचं दुःख कळलं तर ते कळल्याचं आपल्या मानेत, आवाजात, भुवयांत दिसलं पाहिजे. डोळ्यांत बघा, किंचित पुढे झुका, ‘मी समजू शकतो’ म्हणा. बंद खोलीत दोनच खुर्च्या असतील तर हे शोभतंही. मेडिकलच्या काउंटरवर मात्र ज्यांना कुणी डोळ्यांत बघायला नको असतं अशीच माणसं फार येतात. चिठ्ठी हातात पडली की फार्मासिस्टला शेजाऱ्याचं जे कळतं ते त्याच्या सख्ख्या भावाला ठाऊक नसतं. कुणाची झोप गेली, कुणाचे केस, कुणाला मूल हवं आहे, कुणाला आत्ताच नको आहे. इतकं सगळं कळल्यावर ते कळलंच नाही असा चेहरा करून ‘सुटे आहेत का?’ विचारता येणं, ही या धंद्यातली पहिली इयत्ता. तिला गुण नाहीत आणि तिच्यात नापास झालेला मुलगा गिऱ्हाइकाला आयुष्यभर लक्षात राहतो.

या विषयातले माझ्या पाहण्यातले सर्वांत मोठे जाणकार म्हणजे एका दुकानातले मामा. शिक्षण सातवी. नोंदणीकृत फार्मासिस्टखेरीज कुणी चिठ्ठीवरचं औषध द्यायचं नाही असं १९४८ चा फार्मसी कायदा सांगतो, त्यामुळे औषधं सोडून बाकीचे तीन विभाग मामांकडे असतात: पिशव्या, बिलं आणि माणसं. एकदा मी तिथे चहा घेत असताना एक बाई आल्या आणि बाजूला उभ्या राहिल्या. मागून आलेल्यांना ‘तुमचं होऊ दे’ म्हणत पुढे सोडत राहिल्या. आमचा विद्यार्थी दोनदा ‘ताई, काय पाहिजे?’ म्हणाला, तशा त्या आणखीच लांब सरकल्या. मामांनी बिलांतून मान वर केली नाही. हात मागे घालून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं काढलं आणि म्हणाले, ‘ताई, मगाशी सांगून गेला होता ते काढून ठेवलंय बघा.’ मगाशी कुणी काही सांगितलेलं नव्हतं. ताईंनी पैसे ठेवले, पुडकं उचललं, आणि ‘हां, मगाचचंच’ म्हणत त्या गेल्या.

तिथेच प्रशिक्षणाला असलेल्या आमच्या एका विद्यार्थिनीला हे अजिबात पटलं नाही. सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून चोरीच्या मालासारखा द्यायचा, हे कुठल्या शतकात बसतं, असं तिने मामांना सुनावलं. मामांनी ऐकून घेतलं. म्हणाले, ‘तुझं बरोबर हाय पोरी. पर लाज घालवायची तर ती आज दुपारी, चार बाप्यांसमोर, तिच्याच खर्चानं कशाला?’ मला दोघांचंही पटलं, म्हणजे मी शिक्षक असल्यामुळे काहीच बोललो नाही. मुलीने मात्र त्यातून वाट काढली. ती गुंडाळायच्या आधी विचारायला लागली, ‘पिशवी देऊ, की असंच नेताय?’ कॉलेजच्या मुली ‘असंच’ म्हणून पॅकेट हातात घेऊन रस्त्याला लागू लागल्या. त्या वेळी मामा समोरच्या रसवंतीकडे इतक्या एकाग्रतेने बघत की रसवंतीवाल्याला वाटे, उधारी मागायला येतील.

‘मित्र’ हे या काउंटरवरचं फार मोठं गिऱ्हाईक. तो स्वतः कधी येत नाही. त्याला इमर्जन्सीची गोळी हवी असते, त्याला गर्भतपासणीची पट्टी हवी असते, त्याला खाज सुटलेली असते. पहिल्या आठवड्यात आमची मुलं अशा वेळी हसू दाबतात आणि ते दाबलेलं हसू हसण्यापेक्षा वाईट दिसतं. काही जण उलट टोकाला जाऊन एकदम गंभीर होतात. समोरच्या पोराला वाटतं, हा आता घरी फोन लावणार. महिन्याभराने त्याच मुलांतला एकजण अगदी सहज सांगताना मी ऐकला: ‘तुमच्या मित्राला सांगा, ७२ तासांच्या आत घ्यायची, आणि जितकी लवकर तितकी बरी. त्यांनी आजच घेतली तर चांगलं. उलटी झाली लगेच, तर परत विचारायला या म्हणावं. आणि ही नेहमी घ्यायची गोळी नाही, हेही त्यांना सांगा.’ ‘सांगतो,’ समोरचा म्हणाला. ‘कालचीच गोष्ट आहे त्याची.’ माहिती जिथे पोचायची तिथे पोचली, आणि त्यात कुणी उघडं पडलं नाही. दहापैकी आठवाल्या संवादात हा मित्र कुठेच नव्हता.

अर्थात नुसत्या चेहऱ्यावर सगळं भागत नाही. टीबीच्या औषधांचं घ्या. ती शेड्यूल एच-वनमध्ये येतात, त्यांची वेगळ्या रजिस्टरात नोंद करून ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं असतं. शिवाय २०१८ पासून औषध विक्रेत्यानेही टीबीच्या रुग्णाची खबर सरकारला द्यायची आहे. म्हणजे इथे नाव, पत्ता, फोन विचारायलाच हवा. एका बापाने चिठ्ठी पुढे केली आणि नाव विचारताच ती मागे ओढली. मुलगी लग्नाची होती. आमचा विद्यार्थी कायदा सांगू लागला, मग फायदा सांगू लागला: नोंद झाली की आहारासाठी सरकार दरमहा १००० रुपये खात्यावर टाकतं. हजार रुपयांनी तो माणूस आणखीच मागे सरला. पैसे घेतले की गावाला कळणार. शेवटी दुकानाचे मालक अण्णा म्हणाले, ‘पावणं, सरकारी यादी हाय. गावात सरकारी यादी कोण वाचतंय? घरकुलाची लागत न्हाई तवर कुणी वर बघत न्हाई.’ बाप पहिल्यांदा हसला आणि फोन नंबर सांगितला, आधी एक आकडा चुकवून, मग दुरुस्त करून. तो चुकवलेला आकडा मुलाने न बोलता खोडला, हे मला आवडलं.

पैशाच्या बाबतीत तर प्रत्येक चिठ्ठी म्हणजे अब्रूचा प्रश्न. मुलांना पहिल्या दिवशी गोळ्यांचा पत्ता कापायला शिकवतात: एक्स्पायरी आणि बॅच नंबरची बाजू दुकानात ठेवायची, दुसऱ्या टोकाने कापत यायचं. माणूस कुठल्या टोकाने कापला जातो हे कळायला जरा वेळ लागतो. चिठ्ठी देऊन ‘किती होतील?’ असं विचारणारा माणूस बेरीज ऐकतो, खिशाकडे हात नेतो आणि म्हणतो, ‘जरा डॉक्टरांना विचारून येतो.’ नवा मुलगा औषधं काढून तयार ठेवतो. मामा म्हणतात, ‘भर परत रॅकला. डॉक्टर हिकडं, त्यो तिकडं गेला.’ पुढच्या वेळी मुलगा बेरीज सांगायच्या आधीच चिठ्ठीचे दोन भाग करतो. ‘काका, आज एवढं सुरू करायचं. ते टॉनिक पुढल्या खेपेला नेलं तरी चालेल.’ काका रुबाबात म्हणतात, ‘टॉनिक काय, घरात हाय की.’ घरात नसतं. सगळ्यांना ठाऊक असतं.

पण अँटिबायोटिक तीनच दिवसांचं द्या म्हटलं तर तिथे हा समजूतदारपणा उपयोगाचा नाही. कोर्स अर्धा नेला तर त्यात पैसे वाचत नाहीत, जंतू वाचतात. तिथे मुलाला तोंड उघडावं लागतं, डॉक्टरांना फोन लावून तेच औषध दुसऱ्या कंपनीचं, स्वस्तातलं चालेल का विचारावं लागतं, आणि तेही काकांना कळेल अशा बेताने नाही. फोनवर ‘सर, आमच्याकडे ती कंपनी संपलीय’ असं म्हणणारी मुलगी मी पाहिली आहे. ती कंपनी तिच्या मागच्या रॅकवर तीन रांगा लावून बसली होती. नीतिशास्त्राच्या पेपरात या उत्तराला किती गुण द्यावेत हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

बोलावंच लागतं अशा जागा बोटांवर मोजण्याइतक्या असतील, पण त्या चुकल्या तर जिवाशी गाठ. सांधेदुखीसाठी मेथोट्रेक्सेट देतात ते आठवड्यातून एकदा. आणि आपल्याकडे गोळी म्हणजे रोज, हे इतकं पक्कं आहे की आठवड्याची गोळी रोज घेतली जाते, तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घटतात, माणूस अत्यवस्थ होतो. एक आजी आल्या, शिरोळ तालुक्यातल्या. विद्यार्थिनीने ‘आठवड्यातून एकदाच’ असं तीनदा सांगितलं. आजींनी तीनदा मान हलवली. मान हलवणं म्हणजे ऐकू आलं, एवढाच त्याचा अर्थ असतो; तेही नेहमी नाही. मुलगी थांबली. मग तिने विचारलं, ‘आजी, वार कुठला करता?’ ‘गुरुवार. वाडीचा,’ आजी म्हणाल्या. नृसिंहवाडी तिथून हाकेच्या अंतरावर, दत्ताचा वार कोण विसरतो? ‘मग ही दत्ताच्या वाराची गोळी. दुसऱ्या कुठल्याही वारी हिला हात लावायचा नाही.’ आजींनी पाकीट कपाळाला लावलं. औषधाच्या पाकिटावर गुरुवार लिहिलं गेलं, आणि मला खात्री आहे की जगातल्या कुठल्याही समुपदेशन केंद्राच्या सांगण्यापेक्षा तो वार आजींनी कडक पाळला असेल. पाठ्यपुस्तकात ‘रुग्णाच्या दिनक्रमाशी औषधाची सांगड घाला’ असं वाक्य आहे. त्या मुलीने ते परीक्षेत लिहिलं नव्हतं. मी पेपर तपासला होता, मला आठवतं.

फार्म.डी.च्या मुलांची तऱ्हा आणखी निराळी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम आपल्याकडे २००८ साली आला, आणि त्याचं शेवटचं वर्ष सगळं रुग्णालयातल्या इंटर्नशिपचं. ही मुलं डॉक्टरांबरोबर वॉर्डात राउंडला जातात. त्यांना पेशंटपेक्षा डॉक्टर जपावे लागतात. पेशंटच्या किडनीचे आकडे बघता अमुक औषधाची मात्रा कमी करायला हवी, हे इंटर्नला दिसलेलं असतं. आता ते सांगायचं कसं? सरळ सांगितलं तर उत्तर येतं, ‘तुम्ही कुठल्या वर्षाला?’ एक माजी विद्यार्थी मला त्याची पद्धत सांगत होता. तो राउंड संपत येईपर्यंत थांबतो आणि वहीत बघत म्हणतो, ‘सर, एक शंका होती. क्रिएटिनिन वाढलं की या औषधाचं आपण काय करतो?’ ‘आपण’ महत्त्वाचं. डॉक्टर क्षणभर केस पेपर बघतात, म्हणतात, ‘कमी करतो ना. चांगला प्रश्न आहे,’ आणि कमी करतात. ‘वर्षभर मी नुसते प्रश्नच विचारले, सर,’ तो म्हणाला. ‘माझं ज्ञान फार कमी आहे असं त्यांचं मत झालंय. पण पेशंट बरे होऊन गेले.’

हे सगळं करणारी पोरं विशीच्या अलीकडे-पलीकडची, हे विसरायला होतं. यांतल्या पुष्कळांना व्हायचं असतं डॉक्टर. नीटचे मार्क आडवे येतात. नातेवाईक विचारतात, ‘मग काय, मेडिकल टाकणार का?’ आणि घरातलं एखादं जुनं माणूस अजूनही ‘आमचा नातू कंपाउंडर होतोय’ असं कौतुकाने सांगतं. दिवसभर उभं राहून पोटऱ्या भरून येतात. औषध संपलंय म्हटलं की गिऱ्हाईक अंगावर येतं, महाग आहे म्हटलं की अंगावर येतं, चिठ्ठी मागितली की तर विचारूच नका. जणू किमती यांनी ठरवल्या आणि शेड्यूल एच यांनी काढलं. त्या सगळ्याला ‘हो काका’ म्हणायचं. कळूनही न कळल्यासारखं राहायची सवय लागली की ती गिऱ्हाइकापुरती राहत नाही, स्वतःलाही लागू होते.

त्या वर्तमानपत्रावरून भांडलेल्या मुलीचीच गोष्ट घ्या. एक तरुण माणूस न फोडलेली इंजेक्शनं परत करायला आला. फ्रिजमधली, दोन ते आठ अंशांत ठेवायची. तिने भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं: विकलेला माल परत घेतला जाणार नाही. तो म्हणाला, ‘आता लागणार नाहीत.’ तिने विचारलं, ‘डॉक्टरांनी बदलली का?’ तो काही बोलला नाही. अण्णा गल्ल्यावरून उठले, मधे आले आणि अगदी रुक्षपणे म्हणाले, ‘बिल आहे का?’ तो खिसे चाचपू लागला. पाकीट, शर्टाचा खिसा, पुन्हा पाकीट. मला आधी अण्णांचा राग आला होता. मग ध्यानात आलं की त्या माणसाला तेवढा वेळ खाली बघायला आणि हाताला काहीतरी करायला मिळालं. बिल सापडलं. फ्रिजबाहेर राहिलेलं इंजेक्शन पुन्हा विकता येत नाही. अण्णांनी पूर्ण पैसे मोजून दिले, इंजेक्शनं एक्स्पायरीच्या खोक्यात टाकली आणि मुलीला म्हणाले, ‘खालचा रॅक तपासून घे. दोन महिन्यांत संपणारं सगळं बाजूला काढ.’ ती आत गेली, सलाइनच्या खोक्यांमागे बसून रडली आणि तासाभराने खोकंभर जवळच्या तारखांचा माल घेऊन बाहेर आली. अण्णांनी यादी वाचली, म्हणाले, ‘हे दोन डोळ्यांचे ड्रॉप मला दिसले नव्हते.’

‘अण्णांनी काही विचारलं नाही, ते बरं झालं,’ ती मला म्हणाली. तिचं खरं असेल. पण गिऱ्हाइकाला जे औषध लागू पडतं ते रोज रात्री एकटीने बसने घरी जाणाऱ्या पोरीला पुरेल असं मला वाटत नाही. म्हणून आता आम्ही प्रशिक्षणातल्या मुलांना मधूनमधून शनिवारी कॉलेजात बोलावतो. फॉर्म नाही, हजेरी नाही, भजी असतात. पहिला अर्धा तास पायांच्या आणि मालकांच्या तक्रारी. दुसरा चहा झाल्यावर कुणीतरी म्हणतं, ‘सर, आमच्याकडे एक पेशंट आला होता,’ आणि मग मी बोलत नाही. एका सहकाऱ्याने सुचवलं, या शनिवारांच्या आधी आणि नंतर ती ३३ विधानांची पट्टी भरून घेऊ, पेपर होईल. मी भज्यांची बशी त्यांच्याकडे सरकवली.

प्रशिक्षण संपलं की मुलं फॉर्म जमा करायला ऑफिसात येतात. आमचे क्लार्क या कामात अत्यंत कडक. शिक्का चौकटीबाहेर गेला, सही निळ्याऐवजी काळ्या शाईत आली, दुकानाचा परवाना क्रमांक अस्पष्ट आहे; फॉर्म परत. ‘किती आले तर बरं?’ विचारणारा तो मुलगा खिडकीशी उभा होता आणि त्याचा शिक्का चांगला अर्धा इंच चौकटीबाहेर गेला होता. क्लार्कनी चष्मा काढला, फॉर्म उलटा केला, परत सुलटा केला. मग इकडेतिकडे बघितलं, ड्रॉवरमधून घडी घातलेली एक चिठ्ठी काढली आणि आवाज उतरवून म्हणाले, ‘हे जरा बघ रे. मेव्हण्याचं आहे.’

मेव्हणा त्यांना नाही, हे अख्ख्या कॉलेजला माहीत आहे. मुलाने चिठ्ठी वाचली. चेहरा कोरा. ‘रात्रीचं उठावं लागतं का त्यांना?’

‘तीन-तीनदा,’ क्लार्क म्हणाले, आणि मग घाईघाईने, ‘असं म्हणत होता.’

‘मेव्हण्यांना सांगा, गोळी रात्री जेवणानंतर. झोपेतून एकदम उठून चालायला लागायचं नाही; आधी काठावर बसायचं, मग उठायचं. सुरुवातीला चक्कर येते. आणि बीपीची गोळी चालू आहे का त्यांना?’

‘आहे,’ क्लार्क म्हणाले. ‘सकाळची. अर्धी.’

‘मग हे डॉक्टरांना माहीत आहे का, तेवढं त्यांना विचारायला सांगा.’

‘सांगतो,’ म्हणत क्लार्कनी चिठ्ठीची पुन्हा घडी घातली, चष्मा लावला, फॉर्मवर ‘आवक’चा शिक्का मारला, आणि पुढच्या मुलाला म्हणाले, ‘तुझी सही काळ्या शाईत आहे. चालणार नाही.’